पेपरमिंटची डबी

व्हर्लिन अल्टेनाच्या गाडीत बसायचं तर एक कायदा पाळावा लागे. किडनी बदललेल्या माणसाने पायरीवर पाय ठेवण्याआधी सकाळची गोळी व्हर्लिनच्या हातावर ठेवायची. तो ती पेपरमिंटच्या जुन्या पत्र्याच्या डबीत टाकायचा आणि बदल्यात एक पेपरमिंट द्यायचा. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बायका पर्समधून काढून रांगेत पुढे सरकवतात ना, तोच. पाच तासांनी शहरातल्या इस्पितळात रक्त काढून झालं, माणूस कोपरात कापूस दाबून बाहेर आला, की मग डबी उघडायची. त्याआधी कितीही गयावया केली तरी उपयोग नाही.

"का पण?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "गाडी माझी, कायदा माझा. पटत नसेल तर चालत जा."

गाडी काही त्याच्या मालकीची नव्हती. माजी सैनिकांच्या संघटनेची पांढरी व्हॅन होती ती, आणि ती चालवायचा त्याला एक डॉलरही मिळत नव्हता. पण व्हिएतनाम पाहून आलेल्या शहात्तर वर्षांच्या सार्जंटला हे सांगणार कोण? आयोवाच्या या टोकाच्या गावातून दर मंगळवारी पहाटे चारला निघायचं आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना आपापल्या दारात सोडायचं. सात वर्षांत एक मंगळवार चुकला नव्हता, अपवाद फक्त बायकोच्या, जॉइसच्या, अंत्यविधीचा.

पुढच्या सीटवर ट्विला फाबर बसायची. वय चोपन्न, इराकमध्ये सैन्याचे ट्रक दुरुस्त करून आलेली, तोंडाने फटकळ. तिच्या धाकट्या भावाने, डेलने, तिला आपली एक किडनी दिली होती. डेल डुकरं पाळायचा. ऑपरेशननंतर दीड महिना त्याला बादली उचलता येईना, तर शेजाऱ्यांनी पाळ्या लावून त्याची डुकरं सांभाळली. गोळ्या चुकल्या तर शरीर ती किडनी परकी म्हणून नाकारणार, हे ट्विलाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ, ठोक्याला गोळी. फक्त व्हॅनच्या दिवशी सकाळची उशिरा.

"सार्जंट, तुमच्या इंजिनाचा पट्टा किंचाळतोय."

"पट्टा नाही, तूच बोलतेयस."

"गाडी बंद पडली की हाक मारू नका मग."

असं पाच तास जाताना आणि पाच तास येताना. व्हर्लिनला मंगळवार आवडायचा तो यासाठी. घरी त्याच्याशी बोलायला फक्त रेडिओ होता.

नऊ महिने झाल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरांनी ट्विलाला सांगितलं, आता वर्षातून एकदाच इकडे आलात तरी चालेल. बाकीच्या तपासण्या हव्या तर तुमच्या गावातल्या दवाखान्यात करा. दवाखाना तिच्या घरापासून चार मिनिटांवर. परतीच्या वाटेवर तिने व्हर्लिनला विचारलं.

"तुम्ही सांगा, काय करू?"

व्हर्लिनच्या अगदी ओठांवर आलं होतं की नको, गाडीनेच येत राहा. पण दहा तास बसून तिची पाठ कशी धरते ते तो दर खेपेला बघत होता. दारात उतरताना ती आधी व्हॅनचा दरवाजा धरून उभी राहायची, मग चालायची.

"वेडी आहेस का? चार मिनिटं सोडून दहा तास कोण निवडतं?" तो म्हणाला. "जा गावात. मलाही जरा शांतता मिळेल."

शांतता मिळाली. इतकी मिळाली की त्याला ती खायला उठली. पुढच्या सीटवर आता एक म्हातारा नौसैनिक बसायचा आणि गावाची वेस ओलांडायच्या आत घोरायला लागायचा.

दीड महिन्याने रविवारी, प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलापाशी ट्विला दिसली. चेहरा उतरलेला, पायाला सूज, बुटाची नाडी सोडलेली. समोर बदामाची पेस्ट्री, तिला हातही लावलेला नाही.

"काय ग पोरी?"

"काय कळत नाही, सार्जंट. रक्तात गोळीचा अंश जास्त निघाला म्हणून त्यांनी गोळी कमी केली. पुन्हा तपासलं, तरी जास्तच. मग आणखी कमी केली. आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतंय, म्हणजे किडनी थकतेय. एक पूर्णांक दोन होतं, परवा एक पूर्णांक नऊ झालं." तिने आवाज खाली आणला. "डेलला अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

व्हर्लिनने कप खाली ठेवला.

"रक्त किती वाजता काढतात तुझं?"

"साडेनऊला."

"आणि त्या दिवशी गोळी?"

"आठला. ठोक्याला. मी एक दिवस चुकवलेली नाही."

व्हर्लिन खुर्ची ओढून बसलाच. सात वर्षांपूर्वी इस्पितळातल्या एका नर्सने त्याला बजावलं होतं: सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढायचं, रात्रीच्या गोळीतलं किती उरलंय तेच बघायचं असतं. नुकतीच गोळी घेतलेल्या माणसाचं रक्त काढलं तर आकडा खोटा फुगतो. म्हणून तर ती डबी होती. आणि हे त्याने एकालाही कधी सांगितलं नव्हतं. कायदा माझा, म्हणे. केवढी ऐट.

त्याने आता सगळं सांगितलं, अडखळत, कॉफीच्या कपाकडे बघत. गोळी जास्त कधी झालीच नव्हती. होती तीही कमी करत गेले, आणि डेलची किडनी शरीराच्या हल्ल्यापुढे उघडी पडली.

ट्विलाने पेस्ट्री बाजूला सारली. "मला वाटायचं, गोळी घेऊन गाडीत कुणी ओकलेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून ती डबी."

"मी सांगायला हवं होतं. माझी चूक आहे ही."

"इस्पितळानेही सांगितलं असेल. तीस पानं दिली होती हातात. तेव्हा मला माझं नाव धड आठवत नव्हतं." तिचे डोळे भरून आले. "जाईल का हो ती?"

"मला माहीत नाही," व्हर्लिन म्हणाला. खोटा धीर देणं त्याला जमलं नाही. त्याने तिचा हात धरला आणि तळघरातल्या सगळ्या बायकांनी बघितलं तरी सोडला नाही.

सोमवारी तिने दवाखान्याला फोन केला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला बोलावलं, गोळी न घेता. त्या मंगळवारी व्हॅन दुसऱ्या कुणीतरी नेली, आणि व्हर्लिन आठला पाच कमी असताना ट्विलाच्या दारात हात पसरून उभा राहिला.

"मला आता कळलंय, सार्जंट. मी काय लहान आहे?"

"गोळी."

तिने दिली. त्याने पेपरमिंट दिला. दवाखान्यातल्या बाकावर तो डबी मांडीवर घेऊन बसला आणि ती कापूस दाबून बाहेर आली तेव्हा त्याने स्वतः पाण्याचा ग्लास भरून आणला. बुधवारी फोन आला. गोळीचा अंश हवा त्याच्या निम्माही नव्हता. तिची आधीची मात्रा परत सुरू झाली, सोबत तीन दिवस सुईवाटे जोरकस औषध. त्या रात्री तिने डेललाही सगळं सांगितलं. तो फोनवर एवढंच म्हणाला, "दुसरी देता येणार नाही हं मला, एवढी सांभाळ." मग दोघंही रडली.

आणखी तीन मंगळवार व्हर्लिन तिच्या दारात गेला. क्रिएटिनिन एक पूर्णांक सात झालं, मग एक पूर्णांक पाच, मग एक पूर्णांक तीन. पूर्वीच्या एक पूर्णांक दोनवर काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं नुकसान राहील, पण किडनी टिकली.

"चला," व्हर्लिन दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला. "तुझं तुला कळलंय. पुढच्या मंगळवारी मी गाडीवर."

"जा की."

इतक्या पटकन म्हणाली, की त्याला जरा लागलंच.

त्या मंगळवारी व्हॅन सुरू करण्याआधी त्याने डबी सगळ्यांसमोर उघडून धरली आणि ती कशासाठी आहे ते नीट समजावलं. नौसैनिकाला हलवून उठवलं आणि त्याला दोनदा सांगितलं. पुढच्या सीटकडे बघणं मात्र त्याने दिवसभर टाळलं.

तो घरी पोचतो तो ट्विलाचा फोन.

"सार्जंट, बुधवारी तुम्ही काय करता?"

"काही नाही."

"माहितीये मला. म्हणून माझी तपासणी बुधवारवर घेतली."

"अग, पण तुला आता माझी काय गरज? तुझं तू लक्षात ठेवशील."

"ठेवीन हो. पण नऊ महिने माझ्यासाठी दुसरं कुणीतरी लक्षात ठेवत होतं. मला ते सोडायचं नाहीये." ती जरा थांबली. "उद्या आठला पाच कमी असताना या. आणि पेपरमिंट ताजे आणा, ते मेले तुमच्याच वयाचे झालेत."