डाव्या पायाला सुट्टी

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर सध्या मी नक्की कोण आहे हेच मला कळेनासं झालं आहे. रंग तोच, पुढे आलेलं बॉनेट तेच. पण पोटातला गिअरबॉक्स दुसराच!

पूर्वी मी भारी हट्टी होते. माझा दुसरा गिअर क्लच दोनदा दाबल्याशिवाय पडत नसे. नवखे चालक घामाघूम व्हायचे. आमचे चालक, म्हणजे माझे मालकही तेच, मात्र "चल गं बाई" म्हणत तो अलगद टाकायचे. एकतीस वर्षं आम्ही कारखान्यातल्या कामगारांना टेकडीवरच्या वस्तीत पोहोचवलं. "ही यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," असं लोक म्हणाले की माझी छाती फुगायची.

मग चालकांचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी क्लच दाबायला साफ मनाई केली. त्यांची मुलगी गॅरेज चालवते. ती म्हणाली, बस सोडा, नाहीतर गिअर आपोआप बदलणारा बॉक्स बसवू द्या.

"अगं, तिचा स्वभावच जाईल."

"आणि तुमचा गुडघा जातोय त्याचं काय, बाबा?"

तीन आठवडे मी जॅकवर होते. नवा बॉक्स लांब निघाला, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड केला. रेडिएटरजवळ तेल गार करायच्या नळ्या आल्या. क्लचचं पेडल काढून त्या भोकावर पत्रा ठोकला. आरशात पाहावं आणि चेहरा ओळखीचा वाटू नये, तसं मला झालं.

पहिल्याच फेरीत चालकांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर आदळला. मी जागच्या जागी थांबले. शेजारी बसलेल्या मुलीचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी मुलीने वाकून त्यांचा डावा बूट काढून घेतला.

"पाय उघडा असला की लक्षात राहील, त्याला सुट्टी आहे म्हणून."

मग टेकडीचा चढ आला. मी दुसऱ्या गिअरची वाट पाहत होते, तर तो कधीच पडून गेला होता! कुणी टाकला? मी? त्यांनी? "चल गं बाई" तर कुणी म्हटलंच नाही. मला फार एकटं वाटलं.

वर पोहोचल्यावर चालक गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले.

"दुखतंय का?" मुलीने घाबरून विचारलं.

"नाही. तेच बघतोय. सात वर्षं इथं आलो की दुखायचं. रोज."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बस विकायला लावली असतीस."

सात वर्षं! आणि मी आपली माझ्या हट्टाचं कौतुक ऐकत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे सांगायला मी बसले होते. तेही सांगतेच. पण त्या जपणाऱ्या माणसाला अधूनमधून विचारत जा, कुठं दुखतंय का. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.