ताईंची खूण

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची फीत आहे. जुनी म्हणजे गेल्या वर्षीची. दिसते मात्र कोरी करकरीत, आणि वाईट तेच आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका लहान कारखान्यात झाला. रंग भडक केशरी. वाटलं होतं, लग्नाच्या मांडवात मिरवेन. पण माझं रीळ गेलं बारवीच्या जंगलात. तिथे मॅरेथॉन होती. रान, ओढे, निसरडे दगड तुडवत पळायचं आणि थेट शिरगावच्या मैदानात निघायचं. वाट चुकू नये म्हणून झाडाझाडाला आम्ही.

स्पर्धा भरवणाऱ्या हिमानीताई म्हणाल्या, "बारकू, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांध. दगडांत सगळे खाली बघूनच पळतात."

वाडीवरचा बारकू म्हणाला, "ताई, गुरं खातील ना."

"अरे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोमवारी आम्हीच काढून नेऊ."

स्पर्धेत शौनक नावाचा एक जण वाट चुकला. गुडघा फुटलेला, रडकुंडीला आलेला. मी दिसताच ओरडला, "मिल गया! रिबन इथे आहे रे!" त्याने माझा मुका घेतला. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मेडल, पोहे, फोटो, सगळं पलीकडच्या टोकाला. आलेल्या वाटेने मागे कोण येतो? सोमवार गेला. कोणी आलं नाही.

"काढून टाक ना," बारकूची बायको भिकी म्हणाली. पण वाडीची रीत आहे. मधाच्या पोळ्याखाली कोणी गवताची पेंडी बांधली, तर ती त्याची खूण. सोडायची त्यानेच.

"ताईंची खूण हाय," बारकू म्हणाला. "येतील त्या."

ताई आल्या नाहीत. भिकीची गाभण गाय आली. पळणाऱ्यांनी सांडलेलं गोड पाणी आमच्या अंगावर होतं. ती चाटू लागली, मग ओढू लागली. कितीतरी फिती पोटात गेल्या, मीही गेले. तिचं रवंथ बंद पडलं. पोट फुगलं. भिकी तिच्या गळ्यात हात टाकून म्हणत राहिली, "खा गं बाय, वासरासाठी तरी खा."

गाय मेली. पोटातलं वासरूही मेलं. फाडल्यावर आमचा गोळा निघाला, तसाच केशरी, तसाच चकचकीत.

भिकीने तो धुतला आणि जिथून स्पर्धा सुटते तिथल्या झाडाला बांधला. यंदा हिमानीताई नवी रिळं घेऊन आल्या.

"ई! हे काय लटकवलंय?"

"तुमची खूण हाय, ताई," भिकी म्हणाली. "सोडा नि न्या."

ताईंनी तोंड फिरवलं आणि शिट्टी वाजवली. सगळे पळाले.

मित्रांनो, खुशाल पळा रानातून. पण पोचल्यावर त्याच वाटेने एकदा मागे चालत या, आणि बांधलेलं सोडून न्या. तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे. मी इथेच आहे. मला कुजताही येत नाही.