सफ्ताच्या पायरीवरचं पाणी

इस्पितळातून फोन आला तेव्हा मी द्राक्षाच्या वेली काठ्यांना बांधत होतो. पलीकडच्या बाईने विचारलं, "लिक्सांद्रा तुमच्या कोण?" मी म्हणालो, बायको. ती म्हणाली, "पहाटे गेल्या. येताना कपडे आणा." कुठले आणू, असं विचारलं तर म्हणाली, "चांगले." ओळीतल्या सहा वेली राहिल्या होत्या. त्या बांधल्या आणि घरात जाऊन कपाट उघडलं.

शुक्रवारी तिला पुरलं. शनिवारपासून पाणी.

आमच्याकडे माणूस गेलं की चाळीस दिवस त्याच्या नावाने एका घरी विहिरीचं पाणी नेऊन द्यायचं असतं. वाटेवर त्याला तहान लागते. हे काम मुलीचं, पण आमच्या आळीत मुली उरल्या नाहीत. सगळ्या इटलीत नाहीतर स्पेनमध्ये, आमची लेक सोरीनासुद्धा. चर्चच्या फादरना विचारलं. ते म्हणाले, "पुस्तकात मुलीचंही लिहिलेलं नाही, पत्रू. तूच वाहा."

आळीत चूल पेटते अशी दोनच घरं, माझं आणि शेजारच्या सफ्ताचं. बादली भरून तिच्या पायरीवर ठेवली.

"नळ आहे माझ्याकडे," ती म्हणाली.

"माहीत आहे. हे लिक्सांद्रासाठी आहे."

"ठेव तिथे."

घरी येऊन काठीवर चाकूने एक खाच पाडली. रविवारी दुसरी. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सफ्ता तो शब्द म्हणत नाही. पाणी घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं असतं, म्हणजे गेलेल्याला देव क्षमा करो. तो शब्द म्हटला की पाणी तिकडे पोचतं. नाही म्हटला तर ते इथेच राहतं, भांडी घासायला.

चौथ्या दिवशी मी पायरीवर उभा राहिलो.

"काय रे? बादली हवी का परत?"

"शब्द म्हण की, सफ्ता."

"तुझ्या बायकोने म्हटला होता?"

मला कळलं ती कशाबद्दल बोलते आहे. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा कोस्ताके गेला, तेव्हा तिने त्याच्या नावाचं ताट आमच्याकडे आणलं होतं.

"कोबीच्या पानात गुंडाळलेले गरम सारमाले, पाव, वर पेटलेली मेणबत्ती," सफ्ता म्हणाली. "तिने ताट घेतलं आणि दार लावून घेतलं. मी अशीच उभी, आता तू उभा आहेस तशी. अकरा वर्षं माझा माणूस तिकडे उपाशी आहे."

"अगं, तीस घरांत ताटं दिलीस. बाकीच्यांनी म्हटलंच असेल ना."

"शेजार तुमचा होता."

"त्याने हद्दीवरचं आमचं अक्रोडाचं झाड तोडलं होतं."

"झाडासाठी माणसाला उपाशी ठेवायचं?"



सोरीनाचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं. "बाबा, खालच्या आळीत न्या ना पाणी."

"सुरू केलेलं घर बदलता येत नाही."

"मग तिला म्हणावं, एक शब्द तर आहे."

"सफ्ताला? स्पेनला जाऊन तू तिला विसरलीस वाटतं."

मी वाहत राहिलो. दिवसाला एक बादली, एक खाच. सफ्ता कधी दार उघडायची, कधी खिडकीतूनच ओरडायची, "आलास का, बिनपगारी?" शब्द नाही. लिक्सांद्राला उन्हाळ्यात फार तहान लागायची. शेतावर जाताना आम्ही दोन सुरया नेत असू, एक तिची एकटीची.

एकोणिसाव्या दिवशी मी बादली खाली ठेवली आणि सांगून टाकलं.

"सफ्ता, त्या दिवशी मी घरातच होतो."

"कुठल्या दिवशी?"

"तू ताट आणलंस त्या. दाराच्या मागेच बसलो होतो. लिक्सांद्रा ते कोंबड्यांना घालायला निघाली होती. मी तिच्या हातातून घेतलं आणि खाल्लं. सगळं."

"खाल्लंस? आणि अकरा वर्षं बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तिने मला घराबाहेर काढलं असतं."

"हे मात्र खरं." मग तिने विचारलं, "सारमाले कसे झाले होते?"

"मीठ कमी होतं."

"नवरा बाहेरच्या खोलीत निजवलेला होता, मेल्या! मीठ कोण बघत बसतंय?"

मी टोपी काढली. "बोगदाप्रोस्ते. कोस्ताकेसाठी."

सफ्ताने डोक्याच्या रुमालाने तोंड पुसलं. मग वाकून बादली उचलली, मी हात पुढे केला तो बाजूला सारला, आणि म्हणाली, "बोगदाप्रोस्ते, लिक्सांद्रासाठी." त्या दिवसापासून रोज म्हणाली. एकदा तर मी कुंपणापाशी होतो तेव्हाच म्हणून मोकळी झाली, चुलीवरचं दूध उतू जात होतं म्हणून.

चाळिसाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नदीवर गेलो. पाणी वाहणाऱ्याने तीन वेळा विचारायचं आणि साक्षीदाराने तीन वेळा उत्तर द्यायचं. नदीने आणि सूर्याने ऐकायचं. अर्ध्या भोपळ्यात मेणबत्ती लावली.

"सफ्ता, मी लिक्सांद्रासाठी चाळीस दिवस पाणी दिलं, तू साक्षी आहेस का?"

"बावीस."

"चाळीस खाचा आहेत. मोज."

"वाहिलंस चाळीस दिवस. पोचलं बावीस. नदीसमोर खोटं बोलायला लावू नकोस मला."

मी पुन्हा विचारलं, बावीस म्हणून. ती तिन्ही वेळा म्हणाली, "साक्षी आहे." भोपळा पाण्यात सोडला. तो थोडा गिरक्या घेत राहिला, मग प्रवाहाला लागला. येताना सफ्ता म्हणाली की तिचे गुडघे दुखतात, हळू चाल.

चाळिसाव्यानंतर पाणी वाहता येत नाही. मागच्या दिवसांचं काय करायचं ते फादरना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या अठरा दिवसांचं पाणी लिक्सांद्राला मिळालेलं नाही. ते द्यायचं राहिलं आहे.