मोगरीच्या अंगात आलं

चिंचघाट तांड्यावर शनिवारी दुपारी इतकी माणसं जमू लागली, की पांढरकवड्याहून हैदराबादेकडे निघालेले ट्रकवाले गाड्या सडकेला लावून विचारत, इथे टॉकीज निघाली काय? टॉकीज नव्हती. कोंबडीच्या अंगात देवी येत होती.

हसू नका. बासष्ट सालची गोष्ट आहे, आणि पाहणारी माणसं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगत. आरतीचं डफडं वाजू लागलं, की ओट्यावरची एखादी कोंबडी मान वाकडी करी, पंख जमिनीला टेकवी, थरथरे, दोन गिरक्या घेई आणि कवचनाथ महाराजांच्या पायाशी आडवी होई. महाराज तिच्यावर हळद उधळत, चोचीला कान लावत आणि देवी काय म्हणाली ते सांगत. देवी बहुतेक वेळा अंडी खा म्हणे. आसपासच्या गावांतल्या बायका तेव्हापासून आपापल्या कोंबड्यांना अहो-जाहो करू लागल्या. घाटंजीच्या एका कोंबड्यानं तर देवीचा नवरा म्हणून मानपान मागितल्याचं बोललं जाई. पण तो कोंबडा आरवण्याच्या बाबतीतही खोटा होता, तेव्हा ते राहू द्या.

महाराज कुठले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका बिघडलेल्या ट्रकमधून उतरले आणि ट्रक दुरुस्त झाला तरी चढले नाहीत. त्यांची वाणी मात्र कधी बिघडत नसे. “पृथ्वी गोल, अंडं गोल,” ते म्हणत. “पृथ्वीच्या पोटात आग, अंड्याच्या पोटात पिवळा. ज्यानं देवीचं अंडं खाल्लं त्यानं पृथ्वी पचवली. मंग त्याले पोटदुखी काय करन?” लोक माना डोलावत. पृथ्वी गोल आहे एवढं तर शाळेतले गुरुजीही सांगत होते.

हे सगळं ज्या एका बाईला पटत नव्हतं, ती रुपीबाई. तिचं भांडण देवीशी नव्हतं. कोंबडीवरून होतं.

नवस फिटला की देवीच्या नावानं कोंबडी सोडायची, ही तांड्याची जुनी रीत. सोडलेली कोंबडी कुणी कापायची नाही. ती उकिरडे उकरत तांडाभर हिंडायची. महाराजांनी मात्र देवीच्या शेंदरी दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधून घेतला, त्याला तारेची जाळी ठोकली आणि सगळ्या कोंबड्या आत घातल्या. रुपीबाईचा नवरा प्रेमसिंग भोळा माणूस. सून लालीबाई हिचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं; आता पुन्हा तिला दिवस गेले, तसा त्यानं बायकोला न विचारता तिची मोगरी नावाची कोंबडी देवीला सोडून टाकली. वर महाराजांनी लालीबाईला रोज एक देवीचं अंडं लावून दिलं. उकडायचं, सोलायचं, देवीच्या अंगावरून निघालेल्या शेंदराच्या खपलीची चिमूटभर भुकटी वर घालायची आणि डोळे मिटून खायचं.

मोगरी म्हणजे पांढरी, ठिपक्यांची, मांजरालाही चोच मारणारी. रुपीबाईनं चार पावसाळे तिला कधी साधी शिंकतानाही पाहिलं नव्हतं. तीच मोगरी ओट्यावर दोन महिन्यांनी घुमायला लागली. प्रेमसिंग धावत घरी आला.

“अवो, आपल्या मोगरीच्या अंगात आलं!”

रुपीबाई पदर खोचून ओट्याजवळ गेली. जाळीतून हात घालून तिनं मोगरीला उचललं. कोंबडी वजनाला भुशासारखी लागली. लालभडक तुरा पिठूळ झाला होता, पंख लोंबत होते आणि खाली सगळी हिरवी घाण पडली होती.

“अंगात कायचं येते,” ती म्हणाली. “हिच्या अंगातून सारंच चाल्लं.”

महाराजांनी लगेच देवीचा कोप, माणसाची अश्रद्धा वगैरे सुरू केलं. प्रेमसिंगानं बायकोला ओढत घरी नेलं. त्या रात्री त्यांच्या घरात जी बोलणी झाली ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत झाली, आणि त्यांचं मराठी करण्यासारखं त्यात फार थोडं होतं.

पण रुपीबाईच्या डोक्यात किडा पडला, कारण घरातही एक कोंबडी मलूल व्हायला लागली होती. लालीबाई. पाचवा महिना, आणि पोरगी पोट धरून वाकडी होई. तोंड पांढरं पडलेलं, परसाकडे चार-चार दिवस होत नसे, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. महाराजांना विचारलं तर म्हणाले, गुण येतो आहे, आता रोज दोन अंडी.

बाजाराच्या दिवशी रुपीबाई सुनेला बरोबर घेऊन पांढरकवड्याला गेली. अंड्यांची टोपली घेऊन तिचा पहिला मुक्काम नागोरावच्या छापखान्यात असे. नागोराव नागपूरच्या एका छापखान्यात बारा वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून आलेला. छप्पनच्या दसऱ्याला तिथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव घराबाहेर ठेवले आणि गावी येऊन एक जुनं पायाचं यंत्र टाकलं. लग्नपत्रिका छापायचा. त्या दिवशी यंत्रावर महाराजांचंच हँडबिल होतं: ‘कोंबडीत प्रकटली जगदंबा, अनुभव घ्या.’

“छापतो बाप्पा,” नागोराव म्हणाला. “माह्या यंत्राले श्रद्धा नाई अन् मले शेतं नाई.”

लालीबाईला हसू आलं. हसताना तिचा ओठ वर गेला आणि नागोरावचा पाय यंत्रावर थांबला. तो जवळ आला, उजेडाकडे तोंड कर म्हणाला, आणि मग त्यानं असा प्रश्न विचारला की सासूसून दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

“तू कोन्या छापखान्यात काम करतं, बाई?”

लालीबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं आयुष्यात छापखाना आजच पाहिला होता.

नागोरावनं आपला खालचा ओठ ओढून दाखवला. हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. “हे शिशाची रेघ हाये,” तो म्हणाला. “आमचे खिळे शिशाचे. बारा वर्षं तेच हात तोंडाले लागले. मालक दूध पाजे, म्हने शिसं धुऊन जाते. दूध गेलं, शिसं राह्यलं. माह्या सोबत्याचे तं दोन्ही मनगटं लोंबले. बाईच्या पोटात पोर असलं तं शिसं आदी तिकडं जाते. पन हिच्या तोंडात हे रेघ आली कुठून?”

रुपीबाई स्टुलावर बसली. लालीबाई जे खाते तेच घरात सगळे खातात: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडी. पाणी एकाच विहिरीचं. शेंदराची चिमूट तर देवीच्या अंगावरची, तिच्यावर संशय कोण घेणार? उरला फरक एकच.

“अंडं,” ती म्हणाली. “पन अंड्यात शिसं कोन भरन? ते तं बंद रायते.”

“कोंबडी भरन,” नागोराव म्हणाला. “कोंबडी काय खाते, ते पाह्य.”

ते पाहायची संधी तिसऱ्या दिवशी आली. मोगरी मेली. महाराजांनी ओट्यामागे समाधीची जागा आखली; तिथे आधीच अकरा कोंबड्यांच्या समाध्या होत्या आणि प्रत्येकीवर तुळस लावलेली होती. तांडा जमला. तेवढ्यात रुपीबाई मोठ्यानं रडत आली. मोगरी माझ्या घरची लेक, तिची शेवटची आंघोळ माहेरच्या हातानंच व्हायला पाहिजे, म्हणाली. तांड्याचे नायक नेमसिंग म्हातारे, रीतीभातीचे पक्के. कोंबडीला माहेर असतं की नाही यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. देवीला सासर म्हटलं तर माहेरही आलंच, असा त्यांनी निवाडा दिला.

रुपीबाई लेकीला घेऊन घराच्या मागे गेली आणि तिनं विळीवर तिचं पोट फाडलं.

कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते, पोटातल्या एका जाड पिशवीत साठवते आणि त्या खड्यांवर दाणा दळते. रुपीबाईनं आयुष्यात शेकडो कोंबड्या साफ केल्या होत्या आणि दर वेळी त्या पिशवीतून खडे निघाले होते. मोगरीच्या पिशवीत एकही खडा नव्हता. शेंदराच्या खपल्या होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. सिमेंटच्या ओट्यावर खडा येणार कुठून? दर शनिवारी देवीला तेलशेंदूर, थरावर थर, आणि वाळून खाली पडणाऱ्या खपल्या. टणक म्हणून टिपायला बिचारीला तेवढंच होतं.

मोगरीच्या समाधीत त्या दिवशी पुरलं गेलं ते फडक्यात गुंडाळलेलं केळीच्या खुंटाचं पेर. त्याच्यावरही तुळस लागली.

खपल्यांचा निरोप रुपीबाईनं छापखान्यात धाडला होता, तसा शनिवारी आरतीच्या वेळी नागोराव सायकलवरून आला. बरोबर लोखंडी पळी आणि सोनाराकडून उसना आणलेला हातभाता. त्यानं नेमसिंग नायकांना हात जोडून विचारलं, देवीच्या अंगावरून पडलेली खपली आगीत घातली तर चालेल काय? नायक म्हणाले, पडलेली म्हणजे देवीनं टाकलेलीच. महाराज म्हणाले, घाला, आग विझेल. डफडी थांबली. नागोरावनं खपल्या कुटल्या, कोळशाच्या भुकटीत कालवल्या, पळी निखाऱ्यात खुपसली आणि रुपीबाई भाता मारू लागली. आधी तेल जळून काळा धूर झाला. महाराज म्हणाले, पाहा, देवीचा कोप. धूर सरला. मग पळी काढून नागोरावनं ती फरशीवर ओतली आणि राखेतून चार-पाच चकचकीत थेंब घरंगळले.

थंड झाल्यावर त्यानं एक थेंब उचलला, महाराजांचंच हँडबिल घेतलं आणि जगदंबेच्या खाली त्या थेंबानं एक करडी रेघ ओढली.

“नायक, हे शिसं. शेंदूर म्हंजे शिशाचंच पीठ. देवीले लावा, तिचा दगुड हाये. पन हे कोंबडीच्या पोटात गेलं का तिचे पंख लोंबते, मान वाकडी होते. त्याले तुमी देवी म्हनून राह्यले.”

मागचे लोक रेघ पाहायला पुढे सरकले. रुपीबाईनं ओटीतून मोगरीच्या खपल्या काढून नायकांच्या हातावर ठेवल्या आणि त्या कुठून निघाल्या ते सांगितलं. केळीच्या पेराचंही सांगितलं, त्यावर मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी आवाज चढवला. अंडं कवचात बंद असतं, कवचाला विटाळ शिवत नाही, पृथ्वी गोल... तेव्हा रुपीबाईनं ओट्यावरचं एक ताजं अंडं उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं.

“महाराज, तुमी खा.”

“मले... आमी व्रतस्थ हावो. अंडं वर्ज्य.”

“वर्ज्य?” ती म्हणाली. “मंग दर सोमवारी माह्या खुराड्यातून सहा अंडी कोन नेते? देवीचे इथं पडून रायते, अन् तुमी माहे तव्यावर फोडता. काऊन?”

महाराज नायकांकडे पाहू लागले. नायक हातावरच्या खपल्या पाहत होते. तसा महाराजांचा आवाज ट्रकमधून उतरलेल्या माणसाचा झाला. आपलं नाव रामधन, म्हणाला. खपल्या खाल्लेल्या कोंबड्या झिंगतात हे पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. मग तो खपल्या कुटून गुळाच्या कणकेत मळून त्यांना चारू लागला, म्हणजे दर शनिवारी एक तरी पडावी.

“पन अंड्यात उतरते, हे मले काय मालूम?”

“मालूम नोतं,” रुपीबाई म्हणाली, “मंग खात काऊन नोता?”

रामधन गाठोडं बांधायला लागला. संध्याकाळच्या आत तो एका ट्रकमध्ये चढला. हा ट्रक धड चालत होता, ही देवीचीच कृपा म्हणायची.

लालीबाईला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हिरड्या पाहिल्या, रक्त पाहिलं. वरची चिमूट तर उघड विष होती, तो म्हणाला, पण ती निदान दिसत होती. अंड्याच्या बलकात उतरलेलं शिसं दिसत नाही, वास येत नाही, उकडून मरत नाही, धुऊन जात नाही; रोज थोडं थोडं साचतं. बंद करा, तेवढाच पहिला उपाय. पोराचं काय होईल ते त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं त्यानं सरळ सांगितलं. प्रेमसिंगाला याचंच फार नवल वाटलं. महाराजांना सगळं ठाऊक असायचं.

पोरगी माघात झाली. मुठीएवढी, दोन आठवडे आधी, पण रडली अशी की नेमसिंग नायक घरातून काठी घेऊन बाहेर आले. प्रेमसिंग हळूच बायकोला म्हणाला, एक कोंबडी सोडू काय देवीला?

“सोड,” रुपीबाई म्हणाली. “पन उकिरड्यावर सोड. तिले खडे भेटू दे.”

आता ज्यांना देवीला हात जोडायचे त्यांनी जोडावेत, त्यावर कुणाचं भांडण नाही. पण ताटातल्या वस्तूला देव लावून ती शुद्ध होत नाही. अंडं कोंबडीतून येतं आणि कोंबडी टिपते त्यातूनच ते घडतं: शेंदूर टिपला तर शेंदूर, भिंतीवरचा रंग टिपला तर रंग, फुटक्या बॅटरीचं शिसं टिपलं तर शिसं. उद्या कुणी तुम्हाला चमत्काराचं अंडं दिलं तर त्याला दोनच प्रश्न विचारा. ही कोंबडी काय खाते? आणि तुम्ही स्वतः कोणाची अंडी खाता?