वेधशाळेची बहीण

हवामान कचेरीत त्याच्या शब्दाला मान होता, घरात मात्र सगळे त्याला ‘वेधशाळा’ म्हणून चिडवायचे. भाचीच्या एका वाढदिवसाला त्याने छातीठोकपणे पाऊस सांगितला. बहिणीने पाहुणे एका खोलीत कोंबले आणि बाहेर लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून घरात रीतच पडली, दादा पाऊस म्हणाला की कपडे वाळत घालायचे. त्याची बायकोही हसायची. ती गेली आणि घरात हसणारं कोणी उरलं नाही. बहिणीला तो अधूनमधून फोन करायचा, पण पावसापलीकडे बोलणं जायचं नाही.

त्या सकाळी संगणकाच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा बघून तो पुढे वाकला. पाणी कधी नव्हे इतकं तापलं होतं. त्यातून भरमसाट वाफ उठत होती आणि वारा ती उचलून जमिनीकडे आणत होता. किनाऱ्यावर, तो राहत होता तिथे, ती नुसती डोक्यावरून जाणार. पुढे डोंगर आडवा येणार, तिला वर चढावं लागणार, तिथे ती गार पडणार आणि सगळं पाणी पायथ्याशी कोसळणार. पायथ्याशी नदी होती आणि नदीला लागून बहिणीचं घर. लेक लग्न होऊन गेल्यापासून तीही एकटीच राहायची. कचेरीचा इशारा केव्हाच गेला होता, पण ऐकेल ती बहीण कसली!

त्याने फोन लावला.

“छोटे, आज तिकडे...”

“पाऊस ना? थांब, गाद्या उन्हात टाकते.”

त्याने आवाज बारीक केला. मग म्हणाला, “तसं नाही गं. मला बरं नाही. घरात कोणी नाही. येतेस?”

“आधी नाही का सांगायचं? निघालेच.”

दुपारी ती औषधांची पिशवी घेऊन आली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि भुवया चढवल्या. तो नजर चुकवत राहिला. संध्याकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. गावातली माणसं टेकडीवर सुखरूप होती, पण बहिणीचं घर छपरापर्यंत पाण्यात होतं. इथल्या रस्त्यावर मात्र थेंब नव्हता.

बराच वेळ ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “म्हणजे ताप नव्हताच.”

“नव्हता.”

तिने स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर एक ताट, एक कप. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत.

“आणि घरात कोणी नाही म्हणालास ते?”

“ते खरं होतं.”

तिने चळत उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवर बसली.

“मग इतकी वर्षं मला नुसता पाऊस का सांगत बसलास, दादा?”