फॅसिस्टाची आई

माझ्या मित्राचं, लाझारचं ते पत्र १९५० साली आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. जर्मनांशी लढताना त्याचा हात गेला होता. पण पुढे त्याच्या युगोस्लाव्हियाचं मॉस्कोशी बिनसलं आणि आमचा हंगेरीचा रेडिओ तिकडच्या सगळ्यांना रोज फॅसिस्ट म्हणू लागला. सीमेच्या अलीकडे, आमच्या गावात राहणाऱ्या त्याच्या आईला पोलिसांनी फॅसिस्टाची आई म्हणून उचललं. ‘तिला कुठे नेलं, एवढंच कळव,’ त्याने लिहिलं होतं. मला ठाऊक होतं. पण तिकडे पत्र पाठवलं तर तुरुंगच.

तिला नेलं त्या छावणीतून सुटून आलेल्या शेजारणीने पुढे सांगितलं, म्हातारी दुसऱ्याच हिवाळ्यात, त्यांना कोंबलं होतं त्या मेंढ्यांच्या गोठ्यात वारली आणि तिथल्याच माळावर पुरली.

मग पाच वर्षांनी मॉस्कोचं युगोस्लाव्हियाशी पुन्हा जुळलं आणि एका सकाळी रेडिओ तिकडच्यांना कॉम्रेड म्हणाला.

“ऐकलंत?” पिरोश्का, माझी बायको, म्हणाली. “तुमचा मित्र आता फॅसिस्ट नाही. लिहा की!”

“उद्या परत झाला तर?”

“मग आजच लिहा!”

‘आई गेली’ एवढं लिहायला मला सबंध दुपार लागली. तिला कुठे पुरलं तेही लिहिलं आणि संध्याकाळी पाकीट टपालपेटीत टाकलं.