आवाज येतात का

मानसिक आरोग्यावर गरीब-श्रीमंत सर्वांचा सारखाच हक्क आहे, असे पडद्यावर उमटले आणि मग ते हलेचना. भूपेंद्रने पडद्याच्या कडेला दोन चापट्या मारल्या. हक्क गेला, पुण्याचे डॉक्टर आले.

पडद्यासमोर प्रिस्किला बसली होती, शेजारी तिचा नवरा दानियल. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे तान्हे बाळ गेले. तेव्हापासून तिला झोप नव्हती. तिने झोपावे, एवढेच दानियलचे मागणे होते. सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरची जागा रिकामी होती, म्हणून तिथूनच त्यांना नवापुरातल्या या खासगी केंद्रात धाडले होते. डोंगरातल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोली समजावी यासाठी केंद्र चालवणाऱ्या कंपनीने स्थानिक दुभाषीही ठेवला होता. तो भूपेंद्र. शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचा, बोलायचा अहिराणी. कोकणी त्याला पुण्याच्या डॉक्टरांइतकीच येत होती.

"ताई, तुम्हाला आवाज येतात का?" डॉक्टरांनी विचारले.

हा प्रश्न भास होण्याच्या आजाराचा आहे, पडद्याच्या आवाजाचा नव्हे, हे पडद्याच्या अलीकडे कोणालाही कळण्याचे कारण नव्हते.

"येतात," प्रिस्किला म्हणाली. शाळेतली मराठी तिला एवढ्यापुरती पुरे होती.

"कोणाचे?"

"तुमचा."

डॉक्टर पुढे झुकले. "माझा? काय म्हणतो तो?"

"विचारतो. आवाज येतात का."

"आणखी कोणाचा?"

प्रिस्किलाने नीट कान दिला. "एक बाई आहे. चहा निवला म्हणते. रागात आहे."

डॉक्टरांनी मागे वळून दार लावले आणि लिहायला घेतले.

दानियलला राहवेना. "साहेब, आवाज खरा आहे. मला पण येतो."

"तुम्हालाही?" डॉक्टरांनी प्रथमच त्याच्याकडे पाहिले.

भूपेंद्रने त्याचा दंड धरला. "तू मधमा बोलू नको ना भो! तुले बी गोळ्या लिखी देतीन."

"पण बाळाचं विचारलंच नाही त्यांनी. बाळाचं विचारायला सांग."

"त्या मोठा डॉक्टर शेत. त्यास्ले तू शिकाडशी?"

तेवढ्यात डॉक्टर गेले. पडद्यावर हक्क परत आला. प्रिस्किला जागची हलली नाही. बाळाचे विचारतील म्हणून ती वाट पाहत होती. शेवटी भूपेंद्रने पडदाच बंद केला.

डॉक्टरांनी त्या आवाजांवर लिहून दिलेल्या गोळ्या मात्र लागू पडल्या. प्रिस्किला झोपू लागली. चुलीपुढे बसल्या बसल्या झोपू लागली. दानियलने भूपेंद्रला मनात दिलेल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात मागे घेतल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिचा ब्लाऊज पुढून ओला झालेला होता. आटलेले दूध परत आले होते. ती दोन्ही हात छातीशी धरून बाजेवर बसून राहिली. दानियल दारात उभा होता. आत जावे की नाही, त्याला ठरवता येईना.

त्या गोळीने असे होऊ शकते. पाकिटातल्या कागदावर तसे इंग्रजीत छापलेले असते.